सायबाची वेल

तळवड्याच्या मारुतरावांना गावातलं काहीच कधी पटलं नाही. गावची भाकरी जाड, गावचं पाणी जड, गावची माणसं अडाणी. तेवढे ते स्वतः चुकून इथं जन्माला आलेले. लढाईच्या काळात देहूरोडच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बागेला पाणी घालायची नोकरी त्यांनी केली आणि पुढची सगळी हयात त्या नोकरीची शेखी मिरवण्यात घालवली. साहेब विलायतेला गेला तेव्हा त्याच्या कमानीवरच्या वेलीची फांदी ते घेऊन आले आणि आपल्या फाटकावर चढवली. तिला जांभळट फुलं यायची. घरातल्या तुळशीला कधी मिळालं नाही एवढं पाणी त्या वेलीला मिळालं.

छप्पन सालच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका सरकारी वनस्पती कचेरीतून सुमनताई नावाच्या बाई इंद्रायणीकाठी आल्या. झाडपाला गोळा करायच्या, रद्दी कागदात दाबून वाळवायच्या. कचेरीत जपून ठेवलेल्या जुन्या वाळक्या नमुन्यांशी ताडून, गुरांना बाधणाऱ्या वनस्पती हुडकायचं त्यांचं संशोधन चाललं होतं. चावडीवर बसून मारुतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की सरकारनं आता पाचोळ्यालाही पगार सुरू केला. लोक हसले. मारुतरावांच्या बोलण्यावर हसायची गावाला सवयच लागली होती, त्यात अक्कल खर्च होत नसे.

वैशाखात त्यांचा पाखऱ्या बैल गोठ्यात तडफडून मेला. त्याचा जोडीदार हरण्या त्या दिवशी खुरांना पत्री ठोकायला चिंचवडला नेला होता, म्हणून वाचला. पाखऱ्या कशानं मेला हे मारुतरावांना बघताक्षणीच कळलं. चुलतभाऊ भैरूशी त्यांचं बांधावरून वाकडं होतं, तेव्हा भैरूनंच गव्हाणीत विष कालवलं. दुसरं कोण कालवणार? एवढं त्यांनी चावडीवर सांगितलं आणि गावानं भैरूशी बोलणं टाकलं. त्याला कोणी तंबाखू विचारीना. त्याच्या पोरीचं ठरत आलेलं लग्नही मोडायला टेकलं.

गुरांच्या डॉक्टरानं गव्हाणीतली उरलेली कुट्टी पाहिली आणि म्हणाला, विषाची पूड काही दिसत नाही, पण कडब्यात हा पाला कसला आहे तो पुण्याला वनस्पतीवाल्यांना दाखवा. मारुतरावांना तेच हवं होतं; त्यांनी ती कुट्टी फडक्यात बांधून घेतली. भैरूचं पाप सरकारच्या तोंडून वदवायचं होतं. पोलीस पाटील सयाजी साक्षीला निघाला. भैरूही निघाला, कारण आता त्याची अब्रू त्या फडक्यातल्या पाल्यात बांधलेली होती.

कचेरीत पुढे बसलेल्या सुमनताईंना पाहून मारुतरावांनी नाक मुरडलं. पाचोळेवालीपुढं उभं राहायची वेळ आली याचाही राग त्यांनी मनातल्या मनात भैरूच्याच खात्यावर टाकला.

ताईंनी कुट्टीतून समोरासमोर दोन पानं असलेला एक तुकडा आणि एक चुरगळलेली कळी वेगळी काढली. मग कपाट उघडून कागदावर चिकटवलेला एक जुना नमुना त्यांनी टेबलावर ठेवला. पानांच्या शिरा, देठ, कळीचा पीळ, सगळं त्या भिंगातून ताडत राहिल्या. मारुतरावांनी मान पुढे काढून बघितलं आणि त्यांना हसूच आलं. एवढी शिकलेली बाई आणि भलत्याच गोष्टीला चिकटून बसली.

"ती तर माझ्या फाटकावरची सायबाची वेल हाय," ते म्हणाले. "हिरवा चारा न्हवता, म्हनून मीच कापून कुट्टीत घातली. तिला काय बघताय? तिच्यावर टाकलेलं इख बघा."

सयाजीनं मान वर केली. भैरूनं खाली घातली.

"विष वरून कुणी टाकलेलं नाही," सुमनताई म्हणाल्या. "या वेलीच्या पानातच आहे. थोडीशी पोटात गेली तरी जनावर दगावतं."

परतीच्या गाडीत सयाजीनं मारुतरावांना एवढंच सांगितलं की चावडीवर भैरूची माफी मागून टाका. दुसरा माणूस असता तर त्यानं मागितली असती. मारुतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भैरूनं घातलं न्हाई, हे खरं. पर घालनारच न्हवता, ह्याला पुरावा काय?"

शेवटी चावडीवर सगळं सयाजीनंच सांगितलं. लोक पुन्हा भैरूशी बोलू लागले, जणू कधी थांबलेच नव्हते. पोरीचं लग्नही ठरलं. सगळ्यांना वाटलं, आता फाटकावरची वेल जाईल. पण वेल उपटली म्हणजे चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. मारुतरावांनी तिला दोन घागरी जास्त पाणी घातलं आणि हरण्याला चाकणच्या बाजारात नेऊन विकलं. एकट्या बैलाचा काय उपयोग, असं म्हणाले. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं जनावर त्यांनी विकलं, पण एक वेल तोडवली नाही. अशा माणसाची कीव करावी तर तेवढीही त्याची लायकी नव्हती.

हरण्या भैरूनं आपल्या एकबैली गाडीसाठी घेतला. त्याच्या शेताची वाट मारुतरावांच्या फाटकावरूनच जायची, आणि वेल आता वाटेवर लोंबू लागली होती. फाटकात मारुतराव खाटेवर बसलेले असत. भैरू रोज तिथं गाडी थांबवायचा, खाली उतरायचा आणि त्यांच्या देखत हरण्याच्या तोंडाला मुसकं बांधायचा. फाटक ओलांडून दहा पावलं गेल्यावर ते सोडायचा.

चार दिवसांनी वाटेवरचा प्रत्येक गाडीवान तसंच करू लागला.