छावणीतला आडोसा

भाकरी मला उत्तम येतात. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की जमत नव्हत्या म्हणून मी काठवट बाजूला सारली.

त्या वर्षी आष्टी तालुक्यातल्या विहिरी पार तळाला गेल्या होत्या आणि आमच्या गावच्या दूध सोसायटीने माळावर जनावरांची छावणी उघडली होती. चारापाणी छावणीत मिळायचं, पण जनावरापाशी घरचं एक माणूस राहिलंच पाहिजे, असा नियम होता. पुरुष कामाच्या शोधात कुठे कुठे पांगलेले. त्यामुळे हे 'घरचं माणूस' म्हणजे बहुतेक बाईच असायची. म्हशीशेजारी तीन दगडांची चूल, बाजूला गोधडी, वर हिरवी जाळी, असा तिचा संसार.

मी तेव्हा बीडला कॉलेजात होते आणि परदेशात जायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. वर्गातली एक मैत्रीण स्वयंसेविका म्हणून आफ्रिकेतल्या एका शाळेत शिकवायला गेली होती. तिचे फोटो बघून बघून मीही त्याच संस्थेकडे अर्ज केला आणि माझी निवड झाली. अट एकच उरली होती, आधी आपल्या भागात सेवा केल्याचा दाखला आणायचा. मला वाटलं, एवढंच ना? छावणी गावात आणि सोसायटीचे सेक्रेटरी माझे सख्खे चुलते. दाखल्यावर चेअरमनसाहेबांची सही लागणार होती, तीही काका घेऊन देणार होते.

काकांनी माझं स्वागत झोकात केलं. छावणीत कामाला घेतलेल्या गावातल्या पोरांना दिला होता तसा 'स्वयंसेवक' लिहिलेला बिल्ला मलाही दिला आणि म्हणाले, "तू आपलं सैपाकाचं बघ. ही पोरं दिवसभर राबत्यात, तेंच्या भाकरीची लई आबाळ होतीय."

पोरं काय राबत होती ते मला दिसतच होतं. एकाने उसाची मोळी उचलायची, दुसऱ्याने फोटो काढायचा आणि फोटो नीट आला नाही म्हणून तीच मोळी पुन्हा उचलायची.

"म्हंजे सेवा करणाऱ्यांची सेवा मी करायची?"

"घरी करतीस न्हवं का?"

"घरी बिल्ला लावून न्हाई करत, काका. माझं काम मी हुडकते."

मी म्हणाले तर खरं, पण काम काय करायचं हे मला कुठे ठाऊक होतं? छावणीभर हिंडले. बायांना विचारत सुटले, तुम्हाला काय पाहिजे? सगळ्यांची उत्तरं म्हशीची. म्हशीला पेंड वाढवून द्या, बैलाच्या खुराचं औषध आणा. स्वतःसाठी काही मागायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि मी वैतागले. बायांवर वैतागले, हे विशेष.

शेजारच्या गावाहून दोन म्हशी घेऊन आलेली एक मावशी होती. सडसडीत, तोंडाने फटकळ, ओठ कायम फुटलेले. एका दुपारी ती जनावरांच्या हौदापाशी चक्कर येऊन पडली. पाण्याचा टँकर हाताच्या अंतरावर उभा होता, नुकताच भरून आलेला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तांब्या तोंडाला लावला. एक घोट घेऊन तिने तांब्या सारला.

"पी की मावशी."

"नगं."

"कावून?"

तिने आजूबाजूच्या गड्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पेलं की जावं लागतंय. दिवसाउजेडी कुठं जाऊ? दिस बुडाल्यावर पेते मी. समद्याच तसं करत्यात."

मी मान वर करून माळ बघितला. बोडका, एक झुडूप नाही. एका अंगाला रस्ता, बाकी तिन्ही अंगांना बिल्लेवाली पोरं. जनावरांसाठी हौद होता, गव्हाणी होत्या, डॉक्टरची फेरी होती. त्यांना घेऊन आलेल्या बाया मात्र भर उन्हात तहान मारून अंधाराची वाट बघत होत्या. माझं डोकं असं सणकलं की त्या वेळी चेअरमन समोर असते तर काय बोलले असते सांगता येत नाही.

सोसायटीच्या कचेरीत जाऊन काकांना म्हटलं, "बायांसाठी आडोसा करायचा. संडासाला एक, न्हाणीला एक."

काकांनी आधी दाराकडे बघितलं. "हळू बोल की. पोरीच्या जातीनं हे असलं चारचौघांत बोलतेत का? आन् साहेबाला मी काय म्हून सांगू?"

"नका सांगू. मीच करते. सोसायटीच्या गोदामातलं फ्लेक्स तेवढं न्हेऊ का?"

"न्हे, पडूनच हायेत," काका म्हणाले. सुटका झाल्यासारखं म्हणाले, खरं तर.

मुरमाड जमीन खणायला बाया आल्या. पोरांपैकी एकही आला नाही. मावशीला मी बसवून ठेवलं होतं, तरी ती बांबू धरून उभी राहिली. गोदामातले फ्लेक्स म्हणजे चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचे. निम्मे आधीच गोठ्यांवर सावलीला घातले होते. उरलेले आमच्या कामाला एकेरी लावले तरच पुरत होते, आणि तिथे वेगळाच प्रश्न उभा राहिला. साहेबांचं तोंड कुणीकडे करायचं?

आत केलं, तर पहिली आत गेलेली बाई पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. "आगं बया! त्यो बघतोय की!" हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मग तोंड बाहेर केलं. आता रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं ते असं, की साहेब हात जोडून बायांच्या संडासाशी उभे आहेत आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा'.

त्या दिवसापासून बाया दुपारी पाणी प्यायला लागल्या. मावशी मात्र अजून ओठ ओले करण्यापुरतंच प्यायची. म्हणायची, "हे ऱ्हाईल का न्हाई, कुणाला ठावं?"

तिचं बरोबर निघालं. साहेब पत्रकारांना घेऊन छावणी बघायला येणार, असा निरोप आला आणि काका धावत आले.

"आडोसा तेवढा एक दिस काढून ठेव. ते गेल्यावर परत लाव."

"म्हशीच्या डोक्यावर साहेब चालत्यात आन् बायांच्या आडोशाला चालत न्हाईत?"

"दाखल्यावर सही तेंचीच लागती, ध्यानात ठेव."

मला जायचं होतं. खोटं कशाला सांगू, रोज झोपताना मी त्या शाळेतल्या मुलांना शिकवत असायची. काका गेल्यावर चांगली रडले. रडत रडतच उठले आणि आडोशाच्या सुटलेल्या दोऱ्या घट्ट बांधल्या. एक दिवस तर एक दिवस, पण त्या दिवशी बायांनी तहानलेलं राहायचं आणि साहेबांनी 'छावणीत पाण्याची ददात नाही' असं सांगायचं, हे माझ्या बिल्ल्याच्या साक्षीने होणार नव्हतं.

साहेब आले. गाडीतून उतरताच त्यांना ते स्वतःच दिसले.

"हे काय हाय?"

"बायांचा संडास आन् न्हाणी," मी म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं, मुद्दाम.

पत्रकारांपैकी कुणीतरी खोकलं. साहेबांचा चेहरा तांबडा झाला. काकांकडे न बघता ते म्हणाले, "काढून टाका." दोन पोरं लगेच पुढे झाली. मी दोरीला धरून उभी राहिले, पण दोन दांडग्या पोरांपुढे माझं काय चालणार होतं?

तेवढ्यात मावशी टँकरपाशी गेली. तांब्या भरला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा रिकामा केला. हनुवटीवरून पाणी पदरावर सांडलं. मग तिने डबा भरून घेतला, साहेब आणि पोरांच्या मधून सरळ चालत आली, पडदा उचलला आणि आत गेली.

आत बाई असताना आडोसा कोण काढणार? पोरं होती तिथेच थबकली, एकाने तर पाठ फिरवली. मावशीने आपला वेळ घेतला. ती बाहेर येते न येते तोच दुसरी आत शिरली, तिच्यामागे तिसरी डबा घेऊन उभी. बघता बघता रांग लागली. साहेबांनी घड्याळात बघितलं, दोन म्हशींच्या पाठीवर हात फिरवला आणि गाडीत बसले. तरी रांग मोडली नाही, दिवस बुडेपर्यंत.

आडोसा छावणी सुटेपर्यंत राहिला. दाखला मला मिळाला नाही, परदेशाचंही राहिलं. त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, अजूनही वाटतं. काका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, त्याचं मात्र काही वाटलं नाही.

अलीकडे ओळखीपाळखीच्या मुली विचारायला येतात. सेवा इथे करावी की बाहेर जावं, कुठली संस्था बरी. मी म्हणते, खुशाल जा, लांब जा. फक्त जिथे जाल तिथे बिल्ला लावायच्या आधी एक विचारा, इथल्या बाया दुपारी पाणी पितात का?