पुरावा स्कूटरवर आला

समोरच्याचा हात धरायचा, तळहातावर चिमूटभर जवसाची चटणी ठेवायची आणि त्याने ती गिळायच्या आत विचारायचं, "पडला का फरक?" आमच्या शेजारच्या काकांची ही रीत. चटणी तिखट, डोळ्यांत पाणी यायचंच. काका तेही गुणांत धरायचे. "बघा, डोळे साफ झाले!" तुमच्या गल्लीतही असं कुणीतरी असेल. आमचे काका आता बिडकीनला लेकाकडे राहायला गेले, आणि आमचे तळहात कोरडे पडले.

चितेगावला त्यांचा चटणीचा छोटा कारखाना होता, औरंगपुऱ्यात बोळात दुकान. चटणी उत्तम, त्यात वाद नाही. वाद पाकिटाचा. आधी त्यावर 'जवसाची चटणी' एवढंच होतं. मग गुडघेदुखी आली. तिच्यामागून बीपी, पित्त, केसगळती. दर दिवाळीला एखादा आजार वाढायचा आणि मागच्या बाजूची वजन-तारखेची अक्षरं तेवढीच बारीक व्हायची. मी आकड्यांवर चालणारा माणूस. विचारायचो, "काका, गुडघे किती जणांचे बरे झाले?"

"लई जणांचे!"

"लई म्हणजे किती?"

"भाऊ, तुम्ही चटणी खा. असले प्रश्न पडायचे बंद होतील."

शेवटी ठळक लाल अक्षरांत आलं, 'शुगर मुळापासून गायब'. त्या ओळीवर अन्न खात्याची नोटीस आली. खाण्याच्या पाकिटावर रोग बरा होतो असं लिहिता येत नाही; लेबल बदला, खुलासा करा, नाहीतर परवाना रद्द.

"सरळ लिहून द्या की चुकलं," मी म्हणालो. "मिटेल सगळं."

"खोटं असतं तर दिलं असतं लिहून," काका उखडले. "माझ्याकडं पुरावा हाये!"

सुनावणीला मीही गेलो. काकांनी पुरावा स्कूटरवर मागे बसवून आणला होता. पुरावा म्हणजे काकू. ठेवणीतली पैठणी, नाकात नथ, हातात रक्ततपासणीच्या रिपोर्टांची पिशवी.

टेबलापलीकडच्या अधिकारी मॅडम काकांच्या लेकीच्या वयाच्या. "कागदपत्रं आणलीत का, काका?"

"नुसते कागद कशाला? जितंजागतं माणूस आणलंय. हिची शुगर आधी किती होती बघा, अन् आता बघा. चटणी सुरू केली अन् धाडकन खाली! ऊठ गं, उभी राहा."

काकू उभ्या राहिल्या. पुराव्याने उभं कसं राहायचं हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी हात जोडले.

मॅडमनी रिपोर्ट चाळले. मीही डोकावलो. आकडे खरोखरच उतरले होते. माझी चांगलीच पंचाईत झाली. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "मावशी, गोळी कोणती घेता?"

"कुठली गोळी?" काका हसले. "गोळ्या बंद करून लई दिवस झाले."

काकूंनी पदर सारखा केला. "घेते की. रोज घेते. तांदळाच्या डब्यात ठेवते."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. परवान्याची नोटीस वाचतानाही त्यांचा चेहरा एवढा उतरला नव्हता. "अन् मला सांगितलं नाय?"

"गल्लीभर सांगत सुटला होता तुम्ही, चटणीनं शुगर गेली म्हणून. एवढे खुशीत होता. कसं सांगू?"

"मग चटणी कशाला खात होतीस, दोन्ही टाइम?"

"आवडती म्हणून!" काकू जवळजवळ ओरडल्याच.

आधी मॅडम हसल्या. मग मी, मग दारातला शिपाई. काका सगळ्यांत शेवटी हसले, पण असे की त्यांना टेबल धरावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, बायकोला आवडती, हे लिहिलं तर चालंल का?"

"चवीचं लिहा, काका. आजाराचं एक अक्षर नको."

काकांनी तिथेच खुलासा लिहिला, सही ठोकली. परवाना वाचला.

परतताना त्यांनी स्कूटर मेडिकलसमोर लावली; मागोमाग माझ्या गाडीवर मीही थांबलो. काकूंच्या गोळ्या आज आपणच घेणार म्हणाले. पट्टी हातात आल्यावर ती पुढून वाचली, मागून वाचली, उन्हाकडे धरून पुन्हा वाचली. आणि भर रस्त्यात मला हाक मारली, "भाऊ, कमाल हाये! एवढी शुगर उतरवती, अन् अंगावर कौतुकाचा एक शब्द नाय!"