वर्गात वाजणारा फोन

"वाजला तं वाजू द्या!" असं म्हणून चौथीच्या बाई मोबाईल टेबलावर उताणा ठेवायच्या. वर्गात मोबाईल नको, हा आमच्या शाळेचा नियम. इतक्या ताठ मानेनं नियम मोडणारी बाई तुम्ही क्वचितच पाहिली असेल. आता त्यांची बदली तळेगावला झाली आहे आणि आमचे वर्ग नियमात चालतात.

सेलूजवळची आमची जिल्हा परिषदेची शाळा; मी शेजारच्या वर्गाचा शिक्षक. चौथीत वर्षाच्या मध्येच एक मुलगी आली. वडील फौजेत. त्यांना सीमेवर पाठवलं, तिथं कुटुंब नेता येत नाही, म्हणून मायलेकी गावी परतल्या. आजवर फौजी शाळांत हिंदीतून शिकलेली ही पोर वर्गात तोंडच उघडेना.

"घरी लय बोलते जी," आई रडकुंडीला येऊन सांगायची. "शाळेतच काऊन बोलत नाई? तिचे बाबा दर फोनले तेच विचारते."

वडिलांना रेंज मिळायची ती नेमकी शाळेच्या वेळात. बाईंनी त्यांना आपला नंबर देऊन टाकला. फोन आला की धडा थांबायचा, पोरगी कडुनिंबाखाली जाऊन बोलायची, बाकी वर्ग चिडीचूप. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोरच तो वाजला. "साहेब, थांबा जरा. फौजेतून फोन आहे," बाई म्हणाल्या. साहेब बिचारे खुर्चीतून उठून उभेच राहिले!

मग सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि फोन येणं थांबलं. बाईंनी वर्ग व्हरांड्यात हलवला, कारण तिथं रेंज चांगली. रोज शाळा भरण्याआधी मला म्हणायच्या, "सर, मले एक मिस कॉल द्या. वाजते का पाहू." वाजायचा. मला त्या दिवसांत टीव्ही लावायची भीती वाटायची.

एका दुपारी तो खरंच वाजला. "घे, बाबा आहे तुहे!" बाईंनी फोन पोरीच्या हातात दिला. तिला रडूच कोसळलं, शब्द फुटेना. पलीकडून वडील "बेटा, बोल ना" म्हणत राहिले. बाईंनी स्पीकर लावला आणि ओरडल्या, "तेराचा पाढा, म्हणा रे सारे!"

पोरं गोंधळली, पण म्हणू लागली. तेरा पंचे पासष्टला हुंदक्यांतून तिचाही आवाज त्यांत मिसळला. वर्गात पहिल्यांदाच.

"ऐकून राह्यले ना, भाऊ?" बाईंनी विचारलं.

फोनमधून घोगरा आवाज आला, "बाई, चौदाचा येते काय तिले?"

बाईंनी बाकीच्यांना हातानं गप्प केलं. डोळे पुसत पोरगी उभी राहिली आणि एकटीच म्हणू लागली, "चौदा एके चौदा..."