आधी पद्माचं, आधी अण्णाचं

पद्माचा फोन आला तेव्हा मी करमाळ्यात बँकेच्या रांगेत उभी होते. "ताई, अण्णा गेला," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच धरून रडत राहिली. खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही, संताप आला. हा माणूस जन्मभर दारातसुद्धा दुसऱ्याला पुढं घालून मग स्वतः शिरायचा, आणि जायच्या वेळी मात्र कुणाला न विचारता पहिला नंबर लावून मोकळा झाला. आता महिना उलटून गेलाय, तरी राग उतरत नाही. म्हणून लिहायला बसलेय.

नारायण, म्हणजे पद्माचा अण्णा, आणि मी सोलापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं, दुष्काळ नुकताच सरलेला. त्याचं घर विणकरांच्या वस्तीत, घरात बोलणं तेलुगू, दिवसभर शेजारच्या मागांचा खडखडाट. वडील नव्हते. आई, म्हणजे अम्मा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. धाकटी बहीण पद्मा तिचं सगळं करायची आणि मधल्या वेळात सुपात पानं घेऊन विड्या वळायची. नारायण विहिरींच्या पाण्यावर संशोधन करत होता आणि त्याची आकडेमोड पुण्याच्या एका संगणकावर व्हायची. संगणक म्हणजे तेव्हा अख्खी खोली. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा आणि त्या कार्डांचे गठ्ठे पत्र्याच्या डब्यात घालून हा एसटीनं पुण्याला न्यायचा. "निघाले वधूपिते पत्रिका घेऊन," अशी आमच्या स्टाफरूममध्ये चेष्टा चालायची.

त्या यंत्राची एक खोड होती. ते कार्डं वरून खाली एकदाच वाचायचं. एका गठ्ठ्याला दुसऱ्याचं काम लागत असेल, तर तो दुसरा आधी येऊन गेलेला हवा. नाहीतर यंत्र तिथंच अडायचं आणि पुण्याची खेप फुकट. म्हणून रविवारी सकाळी नारायण सगळे गठ्ठे खाटेवर मांडायचा, प्रत्येकाला मागावरच्या उरल्यासुरल्या सुताचा वेगळा रंग बांधलेला. ज्याचं कुणावाचून अडत नाही तो पहिला, त्याच्यावर विसंबलेला त्याच्या मागं, असं लावत जायचा. मी शेजारी बसून चुका काढायचे. ते मला जमतं, अजूनही.

एकदा दोन खेपा वाया गेल्या. हिरवा गठ्ठा आधी ठेवला की तो लालसाठी अडायचा, लाल आधी ठेवला की हिरव्यासाठी. नारायण डोकं धरून हसायला लागला. "हे दोघं एकमेकांची वाट बघतायत. असे बसतील जन्मभर." मग त्यानं दोन्ही गठ्ठे सोडले, एकेक कार्ड उजेडात धरून पाहिलं. दोघांनाही लागणारी अशी जेमतेम मूठभर कार्डं निघाली. ती बाहेर काढून वेगळी बांधली आणि सगळ्यांच्या वर ठेवली. झालं! पुढच्या खेपेला सगळं सुरळीत पार पडलं.

पुण्याहून आला तो खुशीत होता, आणि मी म्हटलं आता बोलायचं. कारण त्या घरातही हीच गाठ होती. बहीण घरात असताना भावानं आधी बोहल्यावर चढायचं नाही, लोक शेण घालतील तोंडात, असं नारायणचं म्हणणं. पद्मा म्हणायची, वहिनी आल्याशिवाय मी अम्माला टाकून जाणार नाही. पद्माला चांगली स्थळं येत होती, ती दारातून परत जात होती. आणि मी... मी तिथं दर रविवारी काही गणितासाठी जात नव्हते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालासुद्धा.

मी म्हटलं, "तुम्ही दोघं अडलाय ते अम्मापाशी. अम्माला मी बघते. नोंदणी पद्धतीनं लग्न करू, लगेच पद्माचं करू. सुटली गाठ." माझे कान तापले होते, पण बोलले. नारायण खाटेवरचं सूत गुंडाळत बसला. मग म्हणाला, "तो प्रोग्रॅम आहे, मालती. इथं माणसं आहेत. आधी पद्माचं होऊ दे." आतून पद्मा ओरडली, "आधी अण्णाचं होऊ द्या की, ताई!" पलंगावरून अम्मा मोडक्या मराठीत म्हणाली, "मी मेल्यावर सुटाल सगळे." मी पर्स उचलली आणि निघाले.

पुढं करमाळ्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली, गेले. अम्मा त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. त्याबद्दल मी तिला कधी दोष दिला नाही... खोटं कशाला बोलू, दिला. ती गेली तोवर स्थळं यायची थांबली होती. माझंही लग्न राहिलं. कुणी विचारलं तर "योग नव्हता" असं सांगत आले. योग नव्हता कसला! एवढा हुशार माणूस, कार्डांची गाठ सोडवली आणि घरातल्या गाठीला हात लावायला भ्याला.

परवा सोलापूरला गेले. पद्मानं ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगांची चटणी असं वाढलं आणि मांडीत हात ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, "जेव की गं."

"तुमी आधी घ्या."

"अगं, तू घे."

ती कसंनुसं हसली. "आमचं रोज असंच चालायचं, ताई. तो म्हनायचा आधी तू, मी म्हनायचे आधी तू. आमटी गार होऊन जायची." मग ताटाकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी मी आतनं बोलले ना, ते रीत म्हनून न्हाय बोलले. मला वहिनी म्हनून तुमीच पायजे होतात. लई पायजे होतात."

समोर ती पिकल्या केसांची बाई, दोन्ही हात मांडीत, माझ्या घासाची वाट बघत होती. मी बसले असते तर तीही तशीच बसली असती, संध्याकाळपर्यंत. डोळ्यांतलं पाणी पुसायच्या भानगडीत न पडता मी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि आधी जेवले.

मग पद्मानं हात धुतला आणि ताट जवळ ओढलं.