लाईन तोडून बघा

राहुरीत इंटरनेट नुकतंच आलं होतं, तेही फोनच्या लाईनवरून, आणि ती लाईन सारखी तुटायची. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत रोज दुपारी टायपिंग क्लासच्या एक बाई यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पदर खोचून त्या कीबोर्डवर फुंकर मारायच्या आणि खाली न बघता भराभर टाईप करायच्या. अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या शब्दांचा एक खेळ तेव्हा तयार होत होता. देशोदेशीची हौशी माणसं तो खेळून बघायची आणि सापडलेल्या चुका ईमेलवरच्या सामायिक यादीत नोंदवायची. बाई त्यांच्यातल्याच एक.

एकदा त्यांनी कळवलं, वस्तू दुसऱ्याला देताना लाईन तुटली तर ती वस्तूच नाहीशी होते. यादीतल्या बाकीच्यांचं उत्तर आलं, 'आमच्याकडे असं होत नाही.' नोंद खोडली गेली. बाईंचा चेहरा उतरला.

"पोरी, शेजारच्या कॉम्प्युटरवर बसतीस का? साक्षीला कुनीतरी पायजे," त्या मला म्हणाल्या.

खेळात त्यांनी मला कंदील देऊ केला आणि तेवढ्यात फोनची वायर उपटली. पुन्हा जोडून पाहिलं, तर कंदील ना त्यांच्याकडे, ना माझ्याकडे. तीनदा तसंच झालं. बाईंनी सगळं सविस्तर लिहून पाठवलं.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"त्यांची लाईन तुटतच न्हाई, त्यांना कसं कळावं? आपनच सांगायचं."

मी कॉलेजात शंका विचारायलाही घाबरायचे. त्या दिवसानंतर विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सगळ्यांनी आपापल्या वायरी उपटून पाहिल्या होत्या. बाईंची नोंद यादीत परत आली होती आणि खाली नवा नियम होता: यापुढे प्रत्येकाने एकदा तरी मुद्दाम लाईन तोडून खेळावं.

बाई खळखळून हसल्या. "आता समदे राहुरीवानी खेळनार!"