धागा तुटल्याची खूण

सोलापूर स्टेशनातून गाडी हलली तेव्हा डब्यातली माणसं खिडकीतून ओरडत होती आणि फलाटावरची माणसं उलट ओरडत होती. कुणाचं कुणाला पोचत नव्हतं, ते त्यांच्या तोंडांवरूनच दिसत होतं. माझे वडील, नाना, आणि मी मात्र निवांत बोलत होतो. पिशवी उशाला घे, अनोळखी माणसाचं खाऊ नकोस, शेंगाचटणी एकटी संपवू नकोस, होस्टेलच्या पोरींना दे. गाडीनं फलाट सोडला तरी आमचं चालूच. शेवटी नाना अंगठ्याएवढे झाले, त्यांचे हात दिसेनासे झाले, आणि मग मी भोकाड पसरलं.

मी बहिरी आहे. कर्णबधिर म्हणा, चालेल. ‘बिचारी’ म्हणालात तर भांडण होईल. लहानपणी तापानं फणफणले आणि ताप जाताना ऐकू येणंही घेऊन गेला. अम्मानं डॉक्टर केले, अंगारे केले, दर्ग्यात दोरा बांधला. शाळेत गुरुजी फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, त्यामुळं मला त्यांची पाठ तेवढी पाठ झाली. दुसरीत दोनदा बसले. गल्लीतल्या बायका हळहळायच्या, पोरीचं कसं व्हायचं.

पोरीचं काय व्हायचं ते सोलापूरच्या भवानी पेठेतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात ठरलं. नाना तिथं चादरी विणायचे. मागांच्या खडखडाटात म्हणे शेजारच्याचंही ऐकू येत नाही. मला तो आवाज तळपायांना कळायचा. त्यामुळं तिथं सगळे हातांनी बोलत. मिशीला पीळ दिला की मालक आला. हवेतल्या बशीवर फुंकर मारली की चहा आला. आणि दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींना टेकवून झटकन लांब ओढल्या की धागा तुटला, थांबव. आम्ही तेलुगू माणसं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात हात. यातली तिसरी भाषा तेवढी माझ्या वाट्याला आली, पण तिथं मी कुणापेक्षा कमी नव्हते. तिथं सगळेच बहिरे की! शाळा सुटली की मी दप्तरासकट कारखान्यात.

अम्मा घरी विड्या वळायची. हात कधी मोकळे नसायचे, म्हणून ती भुवयांनी बोलायची. दोन्ही वर गेल्या की ‘जेवलीस का?’, दोन्ही जवळ आल्या की ‘थांब, बघते तुला.’ मी तिच्या भुवयांना जेवढी भ्यायले तेवढी आयुष्यात कुणाला भ्यायले नाही.

पुण्याला कर्णबधिरांच्या शाळेत पाठवायचं निघालं तेव्हा अम्मा लगेच तयार झाली. नानाच अडून बसले. एवढ्या लांब पोर कशी राहील वगैरे सगळं म्हणून झालं, आणि मग खरं कारण बाहेर आलं.

“तिकडं लई शिकशील, शानी व्हशील, अन् आमच्याशी बोलायचं इसरशील की,” ते म्हणाले. तोंडानंही म्हणाले आणि हातांनीही.

मला राग आला होता. पण भीती खोटी नव्हती. आमची हातांची भाषा कुठल्या पुस्तकात नव्हती. ती त्या एका शेडमध्ये आणि आमच्या दोन खोल्यांत होती. मी विसरले असते तर नानांना माझ्याशी बोलायला दुसरं काही नव्हतंच.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. वर्गातल्या पोरी सांकेतिक भाषेत इतक्या भराभर बोलायच्या की मला काही कळेना. मी आपली सवयीनं चिमटी ओढून ‘धागा तुटला’ म्हणायचे. पोरींना वाटलं, ही दोस्ती तोडतीय. दिसेल त्याच्याशी मी कट्टी घेत सुटले होते! सगळ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बार्शीच्या रेहानानं एकदा मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तुझं एवढं बिनसलंय तरी काय? मी तिला कारखाना करून दाखवला, माग, धोटा, नाना, सगळं. ती पोट धरून हसली. मग ती खूण तिनं उचलली, तिच्यावरून सगळ्या होस्टेलनं. ‘कळलं नाही, परत सांग’ याला पुढं सगळ्या पोरी चिमटीच ओढायला लागल्या. आणि भुवया? सांकेतिक भाषेतला निम्मा प्रश्न भुवयांनीच विचारतात. अम्मानं माझी ती शिकवणी फुकटात करून ठेवली होती.

ओठ वाचायचे मात्र पुण्यात हाल झाले. आमच्याकडं माणूस तोंडभर बोलतो. पुणेकर ओठ न हलवता बोलतात.

आता तिथंच राहते. दाराची बेल वाजत नाही, दिवा लागतो. नोकरी म्हणाल तर भांडायची. दवाखान्यात, कोर्टात, बसस्टँडवर बहिऱ्या माणसाला कळेल अशी सोय करा म्हणून मी अधिकाऱ्यांच्या मागं लागते. रेहानाही माझ्याबरोबर असते.

यंदा सोलापूरच्याच एका मोठ्या दवाखान्यासाठी भांडलो. सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवा, एवढंच मागणं. तिथल्याच नवी पेठेजवळच्या हॉलमध्ये बैठक होती. मी व्यासपीठावर होते, पार मागं नाना बसले होते. जन्मभर मागांजवळ उभं राहून त्यांचेही कान गेलेत, पण कबूल करत नाहीत. टीव्ही असा लावतात की अम्मा जिन्यात जाऊन बसते. त्या दिवशी अधिकारी भराभर बोलत होते, आम्ही बरोबर नेलेला दुभाषी त्यांच्या वरताण. नानांना ना हे कळे ना ते. ते उठले आणि सरळ चिमटी ओढल्या.

दुभाषी थांबला. हॉल थांबला. शेजारी होटगीची एक तरुण पोरगी बसली होती, तीही बहिरी. तिनं नानांचे हात धरले, कोपरं जरा आत घेतली आणि ओठ मोठाले हलवत समजावलं.

“आजोबा, ही पुण्याची खूण हाय. अशी करायची.”

नानांनी शहाण्या पोरासारखं तिच्यासमोर करून दाखवलं. मग सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडं बघितलं आणि जुन्या, कारखान्यातल्या हातांनी म्हणाले, “इसरली न्हाईस.” मी व्यासपीठावर अधिकाऱ्यांदेखत हसत होते आणि रडत होते. दुभाषी मंजूर झाला, ते मला नंतर रेहानानं सांगितलं.

सोलापुरात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं सोडून आलेल्यांनो, घर कुठलं म्हणून मला आता कुणी विचारलं तर मी गाव सांगत नाही. कळलं नाही म्हटल्यावर जिथं कुणी न चिडता परत सांगतं, ते माझं घर. पुण्यातही आहे, सोलापुरातही आहे.

परवा नाना स्टेशनवर सोडायला आले. एसी डब्याची काच बंद. आजूबाजूची माणसं फोन कानाला लावून तोंडं वेडीवाकडी करत होती, आम्ही निवांत बोलत होतो. गाडी हलली तेव्हा मी घाईनं काहीतरी म्हणाले, तर नानांनी फलाटावरून चालता चालता चिमटी ओढल्या. गाडी कुठली थांबतीय! मी काचेला टेकून सावकाश परत सांगितलं: चटणी एकटी खाणार नाही.