इंद्रवज्राचे दोन फोटो

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी मुळशी तालुक्यात देवीची लस टोचत वाड्यावस्त्या हिंडत असे. मॅट्रिक झालेला, वर थोडं सरकारी शिक्षण घेतलेला साधा माणूस, पण लोक मला 'देवी डाक्टर' म्हणत आणि मीही त्यांची चूक दुरुस्त करत नसे. टोचून झालं की आठ दिवसांनी पुन्हा त्याच गावी जायचं आणि लस धरली की नाही, ते दंडावरचा फोड पाहून ठरवायचं, असा नियम होता. आया दारातूनच सांगत, धरलीय हो चांगली. मी म्हणे, दंड दाखवा. पाहिल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही ही सवय कामापुरती ठीक होती, पण ती माझ्या अंगातच मुरली. घरी भाजीत मीठ घातलंय असं बायकोनं सांगितलं तरी मी आधी चाखून बघायचो आणि बोलणी खायचो.

पिशवीत लशीच्या सामानाबरोबर माझा कॅमेरा असे. मामांनी वापरून झाल्यावर मला दिलेला पेटीसारखा कॅमेरा; पोटाशी धरायचा, वरून खिडकीत बघायचं आणि बाजूची कळ दाबायची. एका रोलात आठ फोटो. त्याच पिशवीत इंग्रजी मासिकातून कापलेलं एक पानही मी जपून ठेवलं होतं. पार उत्तरेकडच्या, ध्रुवाजवळच्या मुलखाचं चित्र होतं ते. लाल-पिवळं झालेलं रान आणि त्यावर आभाळभर पसरलेला हिरवा उजेड. असा फोटो एकदा तरी काढायचा असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या पगारात महाबळेश्वरला जाणंही जमत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

म्हणून मग मी जवळ होतं ते टिपत बसे. पाऊस ओसरला की पठारं सोनकीनं पिवळी होत, उतारावर तेरडा गुलाबी फुले, खाली कोळवणच्या खोऱ्यात भात पोटरीला आलेलं असे. हे सगळं माझ्या काळ्यापांढऱ्या रोलावर राखेच्या रंगाचं यायचं. तरी मी काढायचो.

एका वर्षी भाद्रपद सरता सरता ताम्हिणीच्या अलीकडे एका धनगरवाड्यावर टोचायला गेलो. कड्याच्या माथ्यावर चार-पाच घरं, म्हशी, शेळ्या. काम आटोपल्यावर ताक पुढं आलं आणि गप्पांत मी ते पान काढून दाखवलं. घरातला थोरला मुलगा, वय चाळिशीचं असेल, हात पुसून ते पान घेऊन उजेडात गेला. मग म्हणाला, "आसंच आमच्या कड्यावर बी दिसतंय. पर गोल आसतंय, सात रंगाचं. आन आपल्याच सावलीच्या डोक्याभवती."

ओट्यावर त्याचा म्हातारा बाप बसला होता. त्याला सगळे आबा म्हणत. तो माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "त्याचं नका आयकू, डाक्टर. त्यो झोपला हुता."

मागची हकिकत मला नंतर कळली. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी हा शेळ्या घेऊन कड्यावर गेला होता. खाली कोकणात धुकं भरलेलं, पाठीमागं ऊन आणि समोर धुक्यावर ते रंगीत कडं. तो बघतच राहिला आणि तेवढ्यात वाघानं तीन शेळ्या नेल्या. वाघ म्हणजे बिबट्या. तिकडे दोघांना एकच नाव. घरी येऊन त्यानं खरं ते सांगितलं, पण आबानं ठरवून टाकलं की हा झोपला आणि वर गोष्ट रचतोय. तेव्हापासून पौडच्या बाजाराला तूप घेऊन धाकटा भाऊ जाऊ लागला. आबा थोरल्याला खोटारडा म्हणत नसे. फक्त त्यानं काहीही सांगितलं, अगदी म्हैस व्यायला झालीय एवढंच, तरी दुसऱ्या कुणाला तरी जाऊन बघून यायला लावी.

हे ऐकून मला आबाचा राग आला. मीही रोज तेच करत होतो हे मला तेव्हा सुचलं नाही. थोरल्याला मी म्हटलं, दादा, तुम्ही मला ते दाखवा, मी त्याचा फोटो काढतो, मग आबा काय म्हणतात ते बघू. त्याला फोटोतलं फारसं कळत नव्हतं, पण त्यानं एकच विचारलं, की जे नाही ते त्यात दिसत नाही ना. मी म्हटलं, नाही.

दोनदा हेलपाटा पडला. एकदा धुकं वर चढून आम्हालाच गिळून बसलं, एकदा कोकण तळापर्यंत स्वच्छ. तिसऱ्या खेपेला, ऊन दोन हात वर आलेलं असताना, आम्ही कड्याच्या कडेला शेजारी शेजारी उभे राहिलो आणि खालच्या धुक्यावर आमच्या दोन लांबुळक्या सावल्या पडल्या. त्यातल्या माझ्या सावलीच्या डोक्याभोवती ते होतं. आत पिवळं, बाहेर तांबडं, पूर्ण गोल. आमच्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहत होतो पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"बगा, हाय का न्हाई माज्या डोक्याभवती?" तो म्हणाला.

मी म्हटलं, तुमच्या नाही, माझ्या. तो म्हणाला, न्हाई, माज्याच. मी पुन्हा नीट पाहिलं. त्याची डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेली सावली माझ्या शेजारी नुसतीच काळी उभी होती. मग माझा नेहमीचा तिरसटपणा उफाळला आणि मी म्हणालो की समोर दिसतंय त्याला उगाच आपलं म्हणू नये. मी सहा फोटो काढले. उतरताना तो झपाझप पुढं निघून गेला, आणि मनातल्या मनात मी म्हटलंसुद्धा, की आबाचं तरी काय चुकलं.

रोल पुण्याला धुवायला दिला. एकच फोटो धड आला, पण छान आला. रंग अर्थातच नव्हते. पांढुरक्या धुक्यावर आणखी पांढरं कडं, त्यात टोपी घातलेली माझी सावली आणि शेजारी खोळ घेतलेली त्याची. मला इतका आनंद झाला की पुढचा विचार न करता मी वाड्यावर गेलो आणि फोटो थेट आबाच्या हातात दिला.

आबानं तो उलटसुलट करून पाहिला, मग उजेडाकडे धरला. "हे डाक्टरच्या डोक्याला हाय," तो म्हणाला. "देवीचं काम करतुया, त्याला आसनार. ह्याला कुटं हाय?"

थोरला दाराशी उभा होता. त्यानं वाकून फोटो पाहिला आणि तसाच शेळ्यांकडे निघून गेला. इतकी वर्षं निदान कुणाजवळ पुरावा नव्हता. तो आता मी आणून दिला होता, त्याच्याविरुद्ध. मला इतकं ओशाळं वाटलं की ताक न पिताच मी उठलो.

पुढच्या आठवड्यात कोळवणच्या बाजूला फेरी होती. सकाळी भाताच्या बांधावरून चाललो होतो, मागं सामानाची पेटी घेतलेला शिपाई. भातावर दव दाट पडलेलं आणि आमच्या सावल्या त्यावर लांब पसरलेल्या. सहज लक्ष गेलं तर माझ्या सावलीच्या डोक्याभोवती दवाचा उजेड जास्त होता. शिपायाच्या सावलीला काही नव्हतं. मी त्याला गंमत म्हणून म्हटलं, बघा, माझं डोकं कसं चमकतंय. तो म्हणाला, "तुमचं कुटं? माजं चमाकतंय की."

मी बांधावरच थांबलो. त्याला माझ्या जागी उभं केलं, मी त्याच्या जागी गेलो, वाकलो, उठलो, डोकं हलवलं. उजेड माझ्याबरोबर हलत होता. आणि तो शपथ घेऊन सांगत होता की त्याच्याबरोबर हलतोय. दोघंही खरं बोलत होतो. ज्याचे डोळे त्याचं कडं. शेजारच्याचं आपल्याला दिसत नाही आणि आपलं त्याला. कड्यावर फोटोत माझं आलं, कारण कॅमेरा माझ्या पोटाशी होता.

त्या दिवशी मी दोन दंड न बघताच वहीत लिहिले.

पुढच्याच रविवारी नवा रोल घालून वाड्यावर गेलो. थोरला म्हणाला, नगं आता. मी त्याची माफी मागितली. तो माझ्याहून मोठा, मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकला. मी म्हटलं, या खेपेला मी कळ दाबणार नाही, तुम्ही दाबायची. त्यावर त्यानं उठून खोळ घेतली.

आश्विन लागला होता, धुकं दिवसेंदिवस विरळ होत होतं. तीन दिवस मी त्याच्या घरीच मुक्काम केला. तिसऱ्या सकाळी ते भरलं. मी कॅमेरा त्याच्या पोटाशी दिला, खिडकीत कसं बघायचं ते दाखवलं आणि दोन पावलं बाजूला झालो. म्हैस पिळणाऱ्या त्या जाड बोटांनी त्यानं कळ चाचपून पाहिली. त्यानं श्वास धरला आणि कळ दाबली. आठही फोटो त्यानंच काढले. मी फक्त प्रत्येक वेळी चावी फिरवून रोल पुढं सरकवला.

त्यातलाही एकच चांगला आला. या खेपेला कडं खोळीच्या डोक्याभोवती होतं आणि टोपीवाली सावली शेजारी नुसती काळी.

आबा ओट्यावरच होता. थोरल्यानं फोटो स्वतः त्याच्या हातात दिला आणि समोर उभा राहिला. आबानं या वेळी फोटो उलटसुलट केला नाही. खोळीवर बोट ठेवून म्हणाला, ही ह्याचीच. मग माझ्या सावलीकडे बघून मला विचारलं, तुमचं कुटं गेलं? मी दवाची गोष्ट सांगितली, ज्याचे डोळे त्याचं कडं हे सांगितलं. त्याला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं.

"मंजी समद्यांनाच आसतंय?"

मी हो म्हटलं, आणि हे त्याला बरं वाटेल असं मला वाटत होतं. पण त्याचा चेहरा उतरला. मग तो सावकाश सांगू लागला. तरणा असताना त्यानंही ते पाहिलं होतं, त्याच कड्यावर. शेजारी त्याचा चुलता उभा होता; चुलत्याच्या डोक्याला काही नव्हतं, आबाच्या होतं. पुढच्याच वर्षी चुलता गेला आणि वाड्याचा कारभार याच्याकडे आला. भांडणतंटे मिटवायला लोक याच्याकडे येऊ लागले. देवानं आपल्याला निवडलंय असं धरूनच त्यानं सगळा जन्म काढला होता. मुलगा येऊन माझ्याही डोक्याला होतं म्हणाला, तेव्हा ते खरं असणं त्याला शक्यच वाटलं नाही.

एका माणसाचा शब्द त्याला परत मिळवून द्यावा म्हणून मी आलो होतो. त्यासाठी दुसऱ्याचं काय काढून घेतोय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाईट वाटलं, आजही वाटतं.

थोरला इतका वेळ उभा होता तो खाली बसला. "आबा," तो म्हणाला, "मंग तुमी ह्ये कवाच कुनाला सांगितलं न्हाई?"

आबा फोटोकडेच बघत होता.

"कुनी खरं मानलं आसतं?"

म्हाताऱ्याच्या हातून मांडीवर निसटलेला फोटो थोरल्यानं उचलला, धोतराला लावून पुसला आणि परत त्याच्याच हातात दिला.